मागं माणूस आहे की ढीग? पोकलेन आणि लोडरवरच्या सेन्सरांचा तीन वर्षांचा अनुभव

निपाणीपासून थोडं आत, आमच्या गावात माझी तीन मशिनं आहेत. वीस टनी पोकलेन, एक जेसीबी आणि एक व्हील लोडर. पोकलेन विहिरी, ओढे, रस्त्याकडेच्या गटारी असं मिळेल ते काम करतो. पार खानापूरपर्यंत जातो. लोडर मात्र मोळी पडली, म्हणजे उसाचं गाळप सुरू झालं, की चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात बगॅस, म्हणजे रस काढलेलं उसाचं चिपाड, ओढायला लागतो, तो हंगाम संपेपर्यंत तिथंच. मशिनच्या मागं माणूस आला तर ऑपरेटरला सांगणारे डबे मी तीन वर्षांत तीन प्रकारचे घेतले. कंपन्यांची नावं लिहीत नाही. प्रकार कळला की दुकान तुम्हीच शोधाल.

घ्यायला लागलं ते एका सायकलीमुळं. बगॅस यार्डात लोडर दिवसभर पुढं-मागं, पुढं-मागं. एका संध्याकाळी मागं घेताना चाकाखाली काहीतरी करकरलं. उतरून बघितलं तर सायकल आणि हँडलला अडकवलेला जेवणाचा डबा, दोन्ही चपाती झालेले. सायकलवाला दोन पावलं बाजूला तंबाखू मळत उभा होता. तो हसला, नवीन डब्याचं सांगून गेला. मी त्या रात्री झोपलो नाही. सायकल आणि डबा दुसऱ्या दिवशी भरून दिला, पण तंबाखूची तलफ त्याला एक मिनिट उशिरा आली असती तर काय, हे डोक्यातून जाईना. 2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं, त्या पुराच्या दिवसांत रात्रीचा पोकलेन चालवलाय आम्ही. चारी बाजूला मोबाइलच्या बॅटऱ्या घेऊन बघे. तेव्हा निभावलं म्हणून अंगावर काटा आला नव्हता, तो सायकलीनंतर आला.

सेन्सरचा डबा घेण्याआधी एक काम केलं, ते फुकटात होतं आणि सगळ्यात जास्त शिकवून गेलं. पोकलेन मैदानात लावला, मी सीटवर बसलो आणि आमच्या हेल्पर मामांना फक्कीची पिशवी देऊन मशिनभोवती फिरायला सांगितलं. मला मामा दिसेनासे झाले की मी ओरडायचो, ते तिथं फक्की मारायचे. तासाभरानं खाली उतरलो. मशिनच्या मागं आणि उजव्या अंगाला पांढरा पट्टाच पट्टा. उजवीकडं बूम, म्हणजे बकेटचा लांब हात, आडवा येतो, मागं तोल धरणारं वजन, काउंटरवेट. वजन आणि बॉनेट यांच्या आड मामा कंबरेपर्यंत नाही, अख्खे गायब होत होते. मशिन बनवणाऱ्या कंपन्या हेच जरा शास्त्रशुद्ध करतात. आयएसओ 5006 नावाच्या मानकात ऑपरेटरच्या डोळ्यांच्या जागी दिवे लावतात आणि 12 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात, शिवाय मशिनला लागून 1 मीटरच्या पट्ट्यात सावली कुठं पडते ते मोजतात. सावली म्हणजे न दिसणारा भाग. आमच्याकडं दिव्याच्या जागी मी आणि सावलीच्या जागी मामा. ज्यांच्याकडं मशिन आहे त्यांनी एकदा तरी हे करून बघा, पन्नास रुपयांची फक्की लागते.

पहिला डबा घेतला तो स्वस्तातला. अल्ट्रासोनिक, चार सेन्सर, एक बझर. कारच्या बंपरात असतो तोच. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. पल्ला तीन-चार मीटर. कार पार्क करायला हे उत्तम आहे, कारण पार्किंगमध्ये भिंत आणि दुसरी गाडी सोडली तर काही नसतं. पोकलेनच्या मागं मात्र काय नसतं? काढलेली माती, खड्ड्याची कड, उसाचा पाला, पाण्याचं पिंप, मुकादमाची मोटरसायकल. बझर सकाळी सुरू झाला की दुपारी जेवायला थांबेपर्यंत बंद होत नव्हता.

आमचा ऑपरेटर हुक्केरीकडचा, घरी कन्नड, आमच्याशी मोडकं मराठी. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘सावकार, ह्येला माणूस बी तेच, माती बी तेच. कान किटले बगा.’ मी म्हटलं, सवय होईल. आठवड्यानं बघतो तर बझर गप्प. वायर कापली होती, आणि मला जोडता येऊ नये म्हणून दोन ठिकाणी. मी चांगला तापलो. मग त्याला उठवून स्वतः बसलो. अर्ध्या तासात किती वेळा वाजलं ते मोजायचं मी सोडून दिलं. त्या तीन वर्षांत माझ्या हातून झालेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्या अर्ध्या तासानंतर मी त्याला काही बोललो नाही.

दुसरं घेतलं रडार, लोडरसाठी. हे 77 गिगाहर्ट्झवालं. जुनी 24 ची येतात, स्वस्त पडतात, पण जवळजवळच्या दोन वस्तू वेगळ्या ओळखायला 77 बरं. रेडिओ लहरी असल्यामुळं धूळ, अंधार, धुकं, पाऊस याचं त्याला फारसं काही वाटत नाही. वस्तू किती लांब आहे आणि आपल्याकडं किती वेगानं येते आहे, दोन्ही सांगतं. बगॅस यार्डात कॅमेऱ्याचं भिंग तासाभरात भुरकं होतं, म्हणून तिथं रडारच हवं असं मी ठरवलं आणि ते बरोबर निघालं.

पण बसवून देणाऱ्यानं ते दहा मीटर लांब आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस असं डब्यात आलं तसंच ठेवलं. पुन्हा तेच. बगॅसचा डोंगर, कन्व्हेयरचा खांब, सगळ्यावर बोंबाबोंब. मी त्याला परत बोलावलं, लॅपटॉप लावायला सांगितला आणि आम्ही बसून हिशेब केला. लोडर मागं येतो तो तासाला 9 किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. बझर वाजल्यापासून पाय ब्रेकवर जायला ताज्या माणसाला एक सेकंद, रात्रपाळीच्या शेवटी दीड. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच अडीच ते चार मीटर गेले. वर थांबायला दोन-तीन मीटर, ओल्यात जास्त. तेव्हा लांबी आठ मीटरच्या खाली आणण्यात अर्थ नाही. कमी करायची ती रुंदी. आमचा लोडर अडीच मीटर रुंद, आम्ही पट्टा साडेतीन मीटरचा ठेवला. पाच मीटरच्या आत सलग आवाज, त्याबाहेर सुटा. आणि रिव्हर्स गियर पडल्याशिवाय एक शब्द नाही. एवढं केल्यावर यार्ड शांत झालं. आता वाजलं की ऑपरेटर खरंच मान वळवतो. विकत घेताना रडारपेक्षा ‘पट्टा आखून देणार का, आणि महिन्यानं परत येऊन दुरुस्त करणार का’ हे आधी विचारा.

दोष दोन. गिरणीतून निघालेल्या ताज्या बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं. तो ओला लगदा रडारच्या तोंडावर बसला की लहर बाहेर जात नाही आणि डबा गप्प बसतो. आमच्या डब्याला ‘माझं तोंड बंद झालंय’ हे सांगायची अक्कल नाही. महागात मिळते म्हणे. हे मामांच्या लक्षात आलं, ते मागून मुद्दाम चालत गेले आणि आत काहीच वाजलं नाही. तेव्हापासून प्रत्येक चहाला मामा आधी रडारचं तोंड पुसतात, मग स्वतःचं. दुसरा दोष जास्त खोल आहे. लोखंडाचा पडसाद मोठा, माणसाचा बारका. उसाच्या ट्रॉलीला टेकून कोणी उभा असेल तर रडारला ट्रॉली दिसते, माणूस तिच्यात मिसळून जातो. वाजतं ते ट्रॉलीसाठी. ऑपरेटर म्हणतो ट्रॉली तर मला दिसतीच आहे की. यावर माझ्याकडं उपाय नाही, ट्रॉल्या लोडरच्या मागं उभ्या करायच्याच नाहीत असा यार्डात नियम करून घेतला आणि तो तीन दिवस पाळला गेला.

तिसरा, पोकलेनवर, कॅमेरा. नुसता कॅमेरा नाही, माणूस ओळखणारा. हजारो फोटो दाखवून शिकवलेला असतो, तो चित्रातला माणूस शोधून त्याच्याभोवती चौकट काढतो. कॅबमध्ये सात इंची स्क्रीन, जमिनीवर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आखलेले. लालमध्ये माणूस आला तरच आवाज. मातीच्या ढिगावर नाही, पिंपावर नाही. एक भिंग मागं काउंटरवेटवर, एक उजव्या अंगाला. पहिल्या दिवशी ऑपरेटर स्क्रीनकडं बघून इतका खूश झाला की मला म्हणाला, ‘ह्येला कळतंय सावकार!’

आवाज इंग्रजीत होता. ‘पेडेस्ट्रियन, पेडेस्ट्रियन’ असं काहीतरी, उच्चार चिनी. मामा वैतागून म्हणाले, ‘डिझेलच्या मशिनीत बसून पेट्रोल पेट्रोल काय वराडालंय हे?’ आत मेमरी कार्ड निघालं, त्यात आवाजाच्या फायली. आमच्या पोरानं त्याच नावाची दुसरी फाइल टाकून दिली, ऑपरेटरच्याच आवाजात: ‘हिंद मंदी अदार, नोडरी!’ मागं माणसं आहेत, बघा. आता मशिन त्याला त्याच्याच आवाजात दटावतं. बेळगाव जिल्ह्यात माल विकणाऱ्यांनी मराठी आणि कन्नड आवाज आधीच घालून दिला तर काय बिघडेल कोण जाणे. माझ्या विक्रेत्यानं ‘पुढच्या लॉटमध्ये’ म्हणून सांगितलंय, त्याला वर्ष होईल.

पुन्हा फक्की आणली. मामांना सगळ्या तऱ्हांनी फिरवलं. सरळ चालत आले, आठ-नऊ मीटरवर चौकट पडली, छान. डोक्यावर बुट्टी घेऊन आले, जरा उशिरा पडली. उकिडवे बसले, कधी पडली कधी नाही. पाठ करून वाकले, दोन वेळा पडली, तिसऱ्या वेळी मामा तिथंच वाकून राहिले आणि चौकट विझली. मग मी त्यांना प्लास्टिकची खोळ घालायला सांगितलं. पावसात घालतात ती, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, पुढून उघडी, मागून निळा त्रिकोण. मामा पाठमोरे तीन मीटरवर येऊन उभे राहिले. स्क्रीनवर ते मला स्वच्छ दिसत होते. चौकट नाही, आवाज नाही. कॅमेऱ्याच्या लेखी तो ताडपत्रीचा तुकडा.

ज्यानं त्याला शिकवलं त्यानं खोळ घातलेला माणूस कधी बघितलाच नसणार. हेल्मेट आणि पिवळं जाकीट घातलेले बघितले असतील. आमच्याकडं जून ते सप्टेंबर खानापूर बाजूला काम लागलं की साइटवर दहातली नऊ माणसं खोळीत असतात. खोळीवर चमकणारी पट्टी शिवून बघितली, काही फरक नाही. त्याला आकार लागतो, चमक नाही. खोळीची टोपी मागं सारली, डोकं आणि खांदे दिसले, की लगेच चौकट. आता धो धो पावसात कोणाला सांगू डोकं उघडं ठेव म्हणून?

उलटंही होतं. संकेश्वरकडं एका शेताच्या बांधाला काम होतं, सारखं ‘हिंद मंदी अदार’. मागं ज्वारीतलं बुजगावणं. अंगात शर्ट, डोक्याला मडकं, हात पसरलेले. त्याला चौकट इतकी नेटकी पडली होती की मामांना कधी पडली नाही. आणि गावात गटार काढताना वाढदिवसाचा फ्लेक्स मागं आला की विचारू नका. उत्सवमूर्ती आणि खालचे अकरा शुभेच्छुक, सगळ्यांना चौकटी. उभ्या फोटोतले तर सगळेच धोक्यात. ऑपरेटरनं फ्लेक्सकडं पाठ येणार नाही असं मशिन लावलं. गमतीचा भाग सोडला तरी हे दिवसातून दोन-चार वेळा होतं, बझरसारखं अखंड नाही. त्यामुळं वायर अजून शाबूत आहे.

विकणारे एक गोष्ट सांगत नाहीत. वीस टनी पोकलेन वरचा भाग मिनिटाला अकरा-बारा वेळा फिरवू शकतो. एक फेरा पाच सेकंदांत. काउंटरवेटचं टोक मधल्या खिळ्यापासून पावणेतीन मीटरवर, म्हणजे ते सेकंदाला साधारण साडेतीन मीटरनं येतं. वजनापासून हातभर अंतरावर माणूस उभा असेल आणि फिरणं सुरू झालं, तर आवाज येऊन, ऐकून, लिव्हर सोडेपर्यंत झालेलं असतं. कुठलाही डबा तिथं वाचवत नाही. तो वाचवतो फिरायच्या आधी. म्हणून ऑपरेटरला आम्ही सवय लावली, बकेट भरली की स्विंगच्या आधी स्क्रीनकडं एक नजर. आधी वैतागला. आता आरशात बघावं तसं बघतो.

बसवण्याबद्दल थोडं. पोकलेन 24 व्होल्ट, जेसीबी 12 व्होल्ट. एकाचा डबा दुसऱ्याला लावायचा विचार असेल तर दोन्ही चालतील असाच घ्या. चुंबकाचा स्टँड घेऊ नका, दगड फोडायचा ब्रेकर लावला की अर्ध्या दिवसात भिंग आभाळाकडं बघतं. आम्ही बेळगावात उद्यमबागेतून जाड पट्टीची ब्रॅकेट करून घेतली, बोल्टला दुहेरी नट. त्यानंतर हललेलं नाही. वॉशिंगला जाणार असेल तर आयपी 69 के लिहिलेलं बघा, प्रेशरच्या पाण्याला टिकतं ते. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्याच्या आत पहिल्याच धुण्यात बाष्प धरलं, मागचं भिंग बदलून घ्यावं लागलं.

आणि वेल्डिंग. बकेटचे दात वेल्ड करायला साइटवरच माणूस बोलावला होता, बॅटरीची वायर न काढता त्यानं सुरू केलं. मीही समोर चहा पीत उभा. स्क्रीन एकदा पांढरी झाली आणि मग कायमची काळी. वॉरंटीत बसलं नाही, बसायलाही नको. नवी स्क्रीन साडेआठ हजार. आता बॅटरी कट-ऑफला मामांनी लाल चिंधी बांधलीय.

पैसे किती गेले म्हणाल तर अल्ट्रासोनिक साडेचार हजार, ते पाण्यात. रडार बसवण्यासकट 58,000 आणि कॅमेऱ्याचा संच, दोन भिंगं आणि स्क्रीन धरून 31,000, दोन्हीवर जीएसटी वेगळा. माहितीपत्रकावर आयएसओ 16001 छापलेलं असतं. हे मानक खरंच याच विषयाचं आहे, माती-कामाच्या मशिनांवरच्या वस्तू ओळखणाऱ्या यंत्रणांच्या चाचण्यांचं. पण छापणं वेगळं आणि चाचणी करणं वेगळं. मी अहवाल मागितला तर व्हॉट्सअपवर एक पान आलं, तेही चार्जरचं निघालं. मोठ्या कंपन्यांच्या नव्या मशिनांवर आता कारखान्यातूनच हे येतं, कोमात्सूचं कोमव्हिजन, कॅटरपिलरचं कॅट डिटेक्ट. धारवाडला टाटा हिताचीचा कारखाना आहे, आमच्यापासून काही लांब नाही. पण माझा पोकलेन दहा वर्षांपेक्षा जुना, त्याला बाहेरूनच दागिने घालायचे.

कोणी विचारलं यातलं एकच घ्यायचं तर काय, तर मशिन कुठं चालतं ते सांगा. यार्ड, क्रशर, धूळ, रात्र, सारखा रिव्हर्स असेल तर रडार, पण पट्टा आखून. गावात, रस्त्याकडेला, माणसांच्या गराड्यात फिरणाऱ्या पोकलेनला कॅमेरा. जेसीबीवर मी अजून काहीच लावलेलं नाही. तिथं मागंच खोदाई असते, ऑपरेटर सीट फिरवून मागं तोंड करून बसतो, त्याला डोळे आहेत.

पोकलेनच्या मागं यंदा मे महिन्यात रडारही बसवणार आहे, कॅमेरा न काढता. खोळीतला माणूस कॅमेऱ्याला दिसत नसला तरी रडारला तो प्लास्टिकआड दिसतो, मामांना पाठमोरं उभं करून लोडरवर बघून झालंय. दोन्ही एकदम बोंबलायला लागले तर ऑपरेटर काय करेल ते जूनमध्ये कळेल. पकड त्याच्याकडं अजून आहे.

अल्ट्रासोनिकचा जुना संच कोणाला कारला हवा असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. चार सेन्सर, एक बझर, सगळं चालू. वायर तेवढी दोन ठिकाणी जोडून घ्यावी लागेल.